बाग वाढली, कागद आजोबांच्याच नावावर : एकत्र शेतीतल्या या चुका टाळा

निफाड-दिंडोरीकडे एकाच घरातली तिसरी पिढी द्राक्षबागेत राबताना सर्रास दिसते. आजोबांनी विहीर खोदली, वडिलांनी थॉमसन लावली, आता नातवाला पॅकहाऊस, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरायची शेड, हवंय. बाग वाढते, हिशोब मात्र तोंडीच राहतो. माझ्या पाहण्यातली घरं फुटली ती भांडकुदळ स्वभावामुळे कमी आणि न लिहिलेल्या व्यवहारामुळे जास्त.

वारलेल्या माणसाचा सातबारा

आमचे आजोबा गेले तेव्हा दहावं-तेरावं यथासांग झालं, वारस नोंद तेवढी राहिली. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं. आम्ही पाच वर्षं काढली. मग गारपीट झाली, पंचनामे झाले आणि भरपाईच्या यादीत नाव आलं आजोबांचं. त्यांचं बँक खातं कधीच बंद झालेलं. संमतिपत्रांसाठी दोन काका आणि दोन आत्यांच्या दारात फिरलो, तेव्हा धाकटी आत्या म्हणाली, "सही लागली की आत्या आठवते का रे?" खोटं काय बोलली!

उपाय फार अवघड नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन सुविधेवरून अर्ज करा. मुलींची नावं वगळून नोंद उरकायचा 'शहाणपणा' करू नका. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तिच्या मर्जीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर. जुन्या उताऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसतं का, तेही बघा. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ. म्हणजे मागे बाकीच्या भावांचे हक्क आहेत, पण नावं नाहीत. अर्ज करून ती लावून घ्या.

"घरचंच आहे, मजुरी कसली?"

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. एक भाऊ नाशिकला नोकरीला, दुसरा पहाटे चारला डावणी या बुरशीरोगाची फवारणी मारतोय. द्राक्षाचा पैसा आला की दोघांचा वाटा सारखा. पहिली पाच-सहा वर्षं कुणी बोलत नाही. मग घरातल्या बायका बोलतात, आणि दोष त्यांच्यावर जातो. खरं तर त्या फक्त हिशोब मोठ्याने वाचत असतात.

राबणाऱ्याला दरमहा ठरलेला पगार द्या आणि तो बागेच्या खर्चात धरा. त्यानंतर जे उरेल ते जमिनीच्या हिश्श्याने वाटा. दुकानदाराची औषधाची उधारी, मुकादमाची उचल, व्यापाऱ्याकडून आलेले चेक या सगळ्यासाठी एकच बँक खातं ठेवा. लग्नाचा आणि घराच्या स्लॅबचा खर्च त्यातून काढायचा नाही. आमच्याकडे एका वर्षी ट्रॅक्टरचा हप्ता आणि चुलतभावाचा साखरपुडा एकाच पानावर लिहिला होता. बाग तोट्यात गेली की साखरपुडा भारी झाला, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

सगळी बाग एकाच आठवड्यात छाटणे

दोन एकरांवर हे चालून जातं. दहा एकरांवर ऑक्टोबर छाटणी एकदम घेतली, तर डिपिंगला (घड संजीवकात बुडवायला) आणि विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) मजूर एकदम लागतात, मिळत नाहीत. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तर सगळेच प्लॉट सापडतात. पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवून टप्पे पाडा.

फवारणीची नोंद वडिलांच्या डोक्यात असून भागत नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडून युरोपात द्राक्षं अडकली, ते बागायतदार विसरलेले नाहीत. औषध, मात्रा, तारीख आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) प्लॉटनिहाय लिहा.

सामाईक जमिनीवर एकट्याचं कर्ज

पॅकहाऊस पुतण्याचं, गहाण मात्र सगळ्यांची जमीन. सह्या करण्याआधी हप्ता कोण फेडणार आणि थकला तर कोणाच्या हिश्श्यातून जाणार, हे स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. सोसायटीचं नवं-जुनं, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलणं, दर मार्चला कोण करतं, हेही त्यातच ठरवा.

आणि पाणी. विहीर एकाच्या गटात, मोटार तिघांची, वीजबिल अजून आजोबांच्या नावावर. वाटपाच्या कागदात गुंठे काटेकोर मोजतात, पाण्याची पाळी लिहायची राहते. कोणाचे किती तास, मोटार जळली तर खर्च कसा आणि पाइपलाइन कोणाच्या बांधावरून, एवढ्या तीन ओळी त्यात घाला. एप्रिल छाटणीनंतर विहिरीचा तळ दिसायला लागला की त्याच शोधाव्या लागतात.