वसईच्या मिस्सेला जाताना

नगर-पुण्याकडच्या प्रोटेस्टंट घरातले असाल आणि वसईत कॅथलिक मित्राकडे लग्न किंवा सण असेल, तर मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला, जरूर जा. वेळ आधी विचारून घ्या; मराठी मिस्सा वेगळी, इंग्रजी वेगळी असू शकते. जागा शक्यतो मधल्या रांगेत धरा. उठणं-बसणं-गुडघे टेकणं सतत चालतं, पुढच्यांकडे पाहून जमून जातं. गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसून राहिलात तरी कोणी काही म्हणत नाही. दाराशी पवित्र पाणी असतं, तेही ऐच्छिकच.

हमखास फसायला होतं ते प्रभूच्या प्रार्थनेत. ‘आम्हाला वाइटापासून सोडव’ म्हटल्यावर आपण सवयीने ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव’ सुरू करतो आणि शांत चर्चमध्ये आपला एकट्याचाच आवाज घुमतो! तिथे थांबायचं. मधली प्रार्थना फादर एकटे म्हणतात, मग ती ओळ सगळे मिळून म्हणतात. त्यानंतर शांतीची खूण, म्हणजे शेजाऱ्याला हात जोडून नमस्कार.

ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, घ्यायला मात्र रांगेत जाऊ नका. कॅथलिक नियमानुसार ते इतर पंथीयांना सहसा देत नाहीत, आणि ऐनवेळी फादरांना नकार द्यायला लावणं बरं नव्हे. जागेवर बसून राहा, आतल्या माणसाला वाट द्या. दानाच्या पिशवीसाठी सुटे पैसे खिशात असू द्या.

तुमची रविवारची उपासना चुकवायची नसेल तर शनिवार संध्याकाळची मिस्सा आहे का ते बघा. कॅथलिकांत ती रविवारचीच धरतात.