असाइन की कन्व्हर्ट: माझ्या प्रिंट फसल्या त्या इथे

एसआरजीबी, अडोबी आरजीबी या कलर स्पेसची, म्हणजे रंग आकड्यांत लिहिण्याच्या पद्धतींची, नावं तुम्हाला माहीत आहेत असं धरते. मलाही माहीत होती, तरी पहिल्याच ऑर्डरच्या सगळ्या प्रिंट वाया गेल्या.

प्रिंट काढणाऱ्या लॅबला एसआरजीबी हवं होतं, माझ्या फाइल अडोबी आरजीबीत. फोटोशॉपच्या एडिट मेनूत ‘असाइन प्रोफाइल’ दिसलं, एसआरजीबी निवडलं. रंग लगेच मंदावले. तिथेच थांबायचं, तर मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवत बसले. रात्रीच्या थकलेल्या डोळ्यांना ते चाललंही. प्रिंट आल्या तेव्हा चेहरे नारिंगी आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा नुसता लाल गोळा.

फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. ते कसे वाचायचे हे प्रोफाइल सांगतं. एसआरजीबीतला 255,0,0 (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) हा लाल अडोबी आरजीबीत 219,0,0 असा लिहितात. ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ केलं की 219 चे 255 होतात, लाल तोच राहतो. ‘असाइन’ केलं की 219 तसाच राहतो आणि एसआरजीबीत तो काळपट लाल वाचला जातो. पुन्हा सांगते, कारण मला तीनदा वाचूनही कळलं नव्हतं: कन्व्हर्टमध्ये आकडा बदलतो, असाइनमध्ये रंग. असाइन फक्त प्रोफाइल नसलेल्या फाइलला, तेही ती मुळात कुठल्या स्पेसची हे ठाऊक असेल तरच.

सॉफ्ट प्रूफमध्येही, म्हणजे प्रिंट कशी दिसेल हे पडद्यावरच बघण्यात, हीच खोड लपलीय. प्रूफ सेटअपमध्ये लॅबचं त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटर-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) निवडा आणि ‘प्रिझर्व्ह नंबर्स’वरची खूण काढा. नाहीतर कन्व्हर्ट न करता छापलं तर काय दिसेल तेच बघत बसाल. ‘सिम्युलेट पेपर कलर’ लावल्यावर फोटो मेल्यासारखा दिसतो. घाबरू नका, सगळ्यांचाच दिसतो. खूण करताना नजर दुसरीकडे वळवा, पडद्यावरच्या पांढऱ्या खिडक्या झाका, मग अर्ध्या मिनिटाने बघा. डोळा सरावतो.

कागदावर न मावणारे रंग कसे बसवायचे याच्या दोन पद्धती असतात. परसेप्च्युअल की रिलेटिव्ह, याचं कायमचं उत्तर देणाऱ्या गुरूंपासून लांब राहा. दोन्ही लावून बघा, पाकळ्यांच्या शिरा जिथे टिकतील ते घ्या. आणि मॉनिटर कॅलिब्रेट केला नसेल, म्हणजे त्याचे रंग-उजेड मोजून नीट लावले नसतील, तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. मी पडद्याचा उजेड दर चौरस मीटरला 100 कँडेलाच्या आसपास ठेवते. आधी तो पूर्ण वाढवलेला असायचा, आणि प्रिंट काळ्या आल्या म्हणून मी लॅबशी भांडत होते.