तोंडात वेगळा चट्टा दिसला, गळ्याला गाठ लागली, तर आधी काय बघायचं

नवीन प्रॅक्टिस टाकलेल्या बीडीएस-एमबीबीएस मंडळींसाठी लिहितोय, पेशंटने वाचलं तरी हरकत नाही. तोंडात काही वेगळं दिसलं की आपण लगेच नाव शोधतो, फंगल असेल, ॲलर्जी असेल, आणि एक जेल न् बी-कॉम्प्लेक्स लिहून मोकळे होतो. नावाची घाई नको, आधी तोंड नीट बघा.

कवळी असेल तर काढायला लावा, हे हमखास राहतं. गॉजमध्ये जिभेचं टोक धरून बाहेर ओढा आणि दोन्ही कडा पार मागपर्यंत बघा, मग जिभेखाली, गालाच्या आतून, अक्कलदाढेच्या मागचा कोपरा, टाळू. बघून झालं की बोट फिरवायचंच, एक बोट तोंडात आणि दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली बाहेरून. जखमेच्या बुडाशी कडक लागतंय का ते डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतं.

"तंबाखू खाता का?" एवढंच विचाराल तर "नाही" येणार. एकेक नाव घ्या, मिश्री लावता का, मावा, नुसती सुपारी, रात्री गालात काही ठेवून झोपता का, कुठल्या बाजूला. मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ ला बंदी आली पण मावा चोळून देणारा कोपऱ्यावर आहेच. गोव्याकडची धुमटी (तंबाखूची विडी) उलटी ओढणारी, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरणारी आजी असेल तर टाळू दोनदा बघा.

मग पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये घालायला सांगा. जात नाहीत, तिखट झोंबतं, गाल आतून पांढुरका पडलाय आणि दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे हाताला लागतात, तर सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गाल आतून कडक होऊन तोंड उघडेनासं होण्याचा आजार, समजून चाला. कारण सुपारी, आणि "मी फक्त गोड सुपारी खातो सर" ही काही सुटका नाही.

पांढरा चट्टा गॉजने पुसून बघा. निघाला आणि खाली लालसर दिसलं तर बहुतेक कँडिडा, म्हणजे बुरशी, मग शुगर आहे का, दम्याचा पंप घेता का ते विचारा. नाही निघाला तरी लगेच ल्युकोप्लाकिया (पुढे कॅन्सरकडे झुकू शकणारा पांढरा चट्टा) म्हणू नका, दोन्ही गालांत जाळीसारख्या रेषा असतील तर लायकेन प्लॅनस (आपल्याच प्रतिकारशक्तीतून होणारा आजार) निघू शकतो. पांढऱ्यापेक्षा मला लाल, मखमली, न दुखणाऱ्या चट्ट्याची जास्त धास्ती वाटते. दुखण्याबाबत लोकांचा हिशोब उलटाच आहे, साधं तोंड आलेलं जीव काढतं आणि कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा गप्प असतो, म्हणून "दुखत नाही ना, मग राहू दे" हे वाक्य ऐकलं की कान टवकारा.

टोचणाऱ्या दाताची धार घासून काढा, मावा बंद करायला सांगा आणि तारीख देऊन परत बोलवा. दोन आठवड्यांनी जखम तशीच तर तिचा तुकडा काढून तपासायचा (बायोप्सी), तिसरं जेल नाही.

काही गोष्टींत विनाकारण घाबरगुंडी उडते, जिभेच्या मागचे मोठे दाणे, टाळूच्या मधोमध हाडाचा उंचवटा, गालातले पिवळे ठिपके, जिभेवर जागा बदलणारे नकाशे. हे सगळं निरुपद्रवी, समजावून घरी पाठवा.

खरी गोची विचित्र केसेसमध्ये. शुगर वाढलेला पेशंट, गाल बधिर, वरचे दात एकदम हलायला लागले, टाळू काळी पडतेय, २०२१ मध्ये म्युकर (काळी बुरशी) आपण सगळ्यांनी बघितलाय, याला त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला पाठवा. महिनोन्‌महिने तोंडभर जखमा आणि सालं निघतायत, तर पेम्फिगस (आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे फोड येणारा आजार) डोक्यात ठेवा, अंगावर फोड यायच्या कितीतरी आधी तो तोंडात दिसू शकतो. निळसर सूज दाबल्यावर फिकी पडते किंवा ठोके लागतात, तिला ब्लेड लावायचं नाही. हिरडी बाकी ठणठणीत आणि एकच दात हलतोय, किंवा दाताचं कारण नसताना खालचा ओठ-हनुवटी बधिर, तर दात उपटायच्या आधी एक्स-रे.

गळ्याच्या गाठीला पाणी गिळायला लावा, वरखाली झाली तर थायरॉइडकडचं प्रकरण. जीभ बाहेर काढल्यावर मधली गाठ वर सरकली तर थायरोग्लॉसल सिस्ट, म्हणजे थायरॉइडच्या जन्मतः राहून गेलेल्या नळीची गाठ. एकमेकींना चिकटलेल्या गाठी, संध्याकाळचा ताप, वजन कमी, म्हणजे टीबी बघा, नुसत्या अँटिबायोटिकवर महिना घालवू नका. चाळिशीपुढच्या माणसाची कडक, न हलणारी गाठ मात्र कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच धरायची, मूळ जागा तोंडात-घशात शोधायची, ईएनटीकडून दुर्बिणीने बघून घ्यायचं. आधी सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी. थेट गाठ कापली तर पुढच्या ऑपरेशनचं अवघड होऊन बसतं.

तुकड्याला पेशंट नाही म्हणतो कारण "लोखंड लागलं की पसरतं" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. रागावू नका, शांतपणे सांगा की तपासणीशिवाय औषधच ठरत नाही. तुकडा कडेचा, थोडी चांगली कातडी धरून, मधल्या सडलेल्या भागातला नको, आणि चिमट्याने चेचू नका. तुकडा टिकवायला दहा टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट, पाणी किंवा स्पिरिट नाही. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच नको, आत कडक झालेला तुकडा त्या अरुंद तोंडातून बाहेर येत नाही, लॅबवाला वैतागतो. पेम्फिगसचा संशय असेल तर इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने करायची तपासणी) दुसरा तुकडा लागतो, तो फॉर्मॅलिनमध्ये चालत नाही, लॅबला आधी फोन करून कशात पाठवायचा ते विचारा.

फॉर्मवर "गालातील जखम" एवढंच खरडू नका. वय, सवय, बाजू, किती दिवस, हाताला कशी लागली, तुम्हाला कशाचा संशय, सगळं लिहा, पॅथॉलॉजिस्टने पेशंट बघितलेला नसतो. आणि रिपोर्ट "नुसती सूज" आला पण बोटाला ती जागा कडकच लागतेय, तर फाईल बंद करायची नाही, पॅथॉलॉजिस्टला फोन लावायचा, तुकडा वरवरचा गेला असेल तर पुन्हा घ्यायचा, जरा खोल आणि दुसऱ्या जागेवरून.