उंदराचे पाच आणि आपले पाच: तपकिरी चरबीच्या नादात या चुका टाळा

मोठ्या माणसांतही मानेजवळ आणि कॉलरबोनच्या मागे थोडी तपकिरी चरबी काम करत असते, हे २००९ मध्ये पक्कं झालं. ही चरबी साठवायची नाही, जाळून ऊब करायची. तिच्यातलं यूसीपी१ प्रथिन तेच करतं. थंडी लागली की ती कामाला लागते, म्हणून वजन उतरवायच्या आशेने तेव्हापासून गार पाण्याच्या अंघोळीला नवे भक्त मिळालेत.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मिचेल लाझार यांच्या गटाने दाखवलं की शरीरघड्याळातलं रेव्ह-अर्ब-अल्फा हे प्रथिन यूसीपी१ला लगाम घालतं. थंडीत ठेवलेले उंदीर पहाटे पाचला चांगले तगले, कारण तेव्हा लगाम सैल होता. संध्याकाळी पाचला तो आवळलेला, म्हणून गारठले. हे वाचून आपण पहाटेचा गजर लावतो! पण उंदीर निशाचर. पहाटे पाचला त्याची रात्रपाळी संपत आलेली असते, म्हणजे आपल्या हिशेबात ती संध्याकाळ. उंदरांवरची बातमी वाचताना आधी एवढंच विचारा: तेव्हा तो जागा होता की झोपेत?

मग माणसाचं काय? नेदरलँड्समधल्या लायडनला २०२२ मध्ये सडपातळ तरुण-तरुणींना सकाळी आणि संध्याकाळी थंडावा देऊन पाहिलं. पुरुषांनी सकाळी जास्त ऊर्जा जाळली. स्त्रियांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे नवऱ्याचं वेळापत्रक बायकोला लावण्यातही अर्थ नाही.

अंघोळीची वेळ काटेकोर पाळायची आणि रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट जळत ठेवायची, हीसुद्धा चूकच. लायडनच्याच २०१५ च्या प्रयोगात उंदरांना रोज १२ ऐवजी १६ किंवा २४ तास उजेडात ठेवलं. खाणं तेवढंच, हालचाल तेवढीच, तरी चरबी वाढली, कारण तपकिरी चरबी मंदावली होती. माणसांवर हे जसंच्या तसं लावता येत नाही, पण दिवा मालवायला पैसे तर पडत नाहीत.

वजनाचा काटा हलला नाही म्हणून पाणी आणखी गार करू नका. ही चरबी मुळातच थोडी असते, आणि प्रयोगातला थंडावा कुडकुडी भरण्याच्या जरा अलीकडचा, बराच वेळ दिलेला असतो; दोन तांब्यांत तो साधत नाही. बर्फाच्या पाण्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नका.