वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदरांचा सोबतगट कसा सुरू करावा

नाईट संपवून सिस्टर हँडओव्हर देते तेव्हा पेशंटचं काहीच सुटत नाही. सहा नंबरचं सलाईन कधी बदलायचं, आठचं युरिन आउटपुट किती झालं, बाराच्या नातेवाइकांची सही घ्यायची राहिलीय, सगळं सांगून होतं. पहाटे अकरा नंबरचा पेशंट गेला आणि त्याच्या मुलाने तिच्या अंगावर धावून जात वॉर्ड डोक्यावर घेतला, हे मात्र वहीत दोन ओळींत उरकतं. त्यानंतर तिचं काय झालं, याला वहीत रकानाच नसतो. ती बस पकडून घरी जाते, मुलांचे डबे भरते आणि रात्री पुन्हा ड्युटीवर हजर होते.

१२ मेच्या परिचारिका दिनाला गुलाबाचं फूल मिळतं, कधी ताणमुक्तीवर व्याख्यानही होतं. दोन्हीला नावं ठेवायची नाहीत, पण पुढच्या नाईटला त्यांचा उपयोग नसतो. तिथे उपयोगी पडतात ती तेच काम करणारी, तोच वास नाकात घेऊन घरी जाणारी चार माणसं. त्यांचा गट बांधायला पैसे फारसे लागत नाहीत, नियम मात्र लागतात.

आधी माणसं, मग परवानगी

मेट्रन मॅडमच्या, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांच्या, परिपत्रकाने सुरू झालेल्या गटात सगळ्या येतात, सही करतात आणि गप्प बसतात. म्हणून आधी दोघी-तिघींनी आपसात ठरवावं. एका वॉर्डातल्या किंवा शेजारच्या दोन वॉर्डांतल्या सहा ते आठ जणी पुरे. ब्रदर असतील तर त्यांना आवर्जून घ्या. ते स्वतःहून येत नाहीत.

जी व्यक्ती रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) लावते किंवा गोपनीय अहवाल लिहिते, ती या बैठकीत नको. इन्चार्ज सिस्टर कितीही प्रेमळ असल्या तरी त्यांच्यासमोर ‘मला नाईट झेपत नाही’ असं कुणी म्हणणार नाही. त्यांचा वेगळा गट होऊ शकतो, आणि त्यांनाही त्याची गरज असते. मावशी-मामांचं, म्हणजे आया आणि वॉर्डबॉयचं काय, हे त्यांनाच विचारा. बॉडी पॅक करताना हात त्यांचेही लागलेले असतात, पण सिस्टरांसमोर बोलायला काहींना अवघड जातं.

माणसं जमली की मेट्रन मॅडमकडे जा आणि दोनच गोष्टी मागा: पंधरवड्यातून एकदा अर्धा तास आणि दार लागणारी एक खोली.

वेळ ड्युटीच्या सांध्यावर

ऑफच्या दिवशी बोलावलंत तर गट महिनाभरात मोडेल. मॉर्निंग दोनला सुटत असेल तर सव्वादोन ते पावणेतीन ठेवा आणि वार बदलता ठेवा, म्हणजे इव्हिनिंगवाल्यांची बैठक दर वेळी हुकणार नाही. नर्सिंग स्टेशन नको, तिथे बेल वाजतच राहते. चहा सांगा, मोबाईल सायलेंटवर टाका आणि अर्ध्या तासाने उठाच. लांबलेल्या बैठकीला पुढच्या वेळी निम्म्याच जणी येतात.

पहिल्याच दिवशी ठरवायचं

इथलं बोलणं इथेच राहील. पेशंटचं नाव किंवा बेड नंबर घ्यायचा नाही. हजर नसलेल्या सहकाऱ्याबद्दल बोलायचं नाही. हा नियम सगळ्यात लवकर मोडतो. ज्याला गप्प बसायचंय त्याला बसू द्यायचं. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त तारीख आणि जागा टाकायची, कारण स्क्रीनशॉट फिरायला वेळ लागत नाही.

चूक किंवा मृत्यू घडतो तेव्हा

गटाची खरी कसोटी इथे लागते. चुकीचा डोस गेला, लहान मूल हातात गेलं, अशा वेळी पेशंटनंतर कोलमडतो तो कर्मचारी, याकडे अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून लक्ष वेधलं. पुढे मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयांनी तीन पायऱ्यांची पद्धत बसवली: आधी त्याच विभागातले सोबती, मग प्रशिक्षण घेतलेले सहकारी, आणि त्यानेही भागलं नाही तर तज्ज्ञ. आपला गट म्हणजे त्यातली पहिली पायरी. तेवढंच काम नीट करावं.

घटनेनंतरच्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हणावं, ‘ताई, तुम्ही बसा, तुमचे दोन पेशंट मी बघते.’ पाणी द्यावं. ‘मन घट्ट करा’ आणि ‘या लाइनमध्ये असं चालायचंच’ ही दोन वाक्यं गिळून टाकावीत. ‘नेमकं काय झालं ते पहिल्यापासून सांग’ असा आग्रह तर मुळीच धरू नये. धक्क्यानंतर लगेच बसवून सगळं वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढतो, असं संशोधनात दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतला क्रम सोपा आहे: बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या.

गुप्ततेचा नियम चुकीच्या डोसला लागू नाही. डॉक्टरांना लगेच कळवायचं आणि इन्सिडेंट रिपोर्ट (घडलेल्या चुकीची लेखी नोंद) भरायचाच. गटातल्या कुणी तो भरताना शेजारी बसावं, एवढी मदत पुष्कळ झाली.

गटाने काय करू नये

उपचार करू नयेत. झोप उडाली आहे, जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं, तर आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्याने विचार पेरला जात नाही. हो म्हटलं तर तिला एकटी सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तिच्यासमोरच लावा, आणि धोका लगेचचा वाटला तर आपल्याच कॅज्युअल्टीत न्या.

लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर गटाने चौकशी करत बसू नये. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे. तारखा लिहून ठेवायला सांगा आणि तिची तयारी असेल तर समितीपर्यंत सोबत जा.

आणखी एक, जरा कडू. चाळीस पेशंटना एक सिस्टर असेल तर तो प्रश्न मन मोकळं करून सुटणार नाही. ‘तुमचा गट आहे ना’ असं म्हणून प्रशासन रिक्त पदांकडे काणाडोळा करू लागलं, तर ते गटाचं अपयश समजू नका, पण गप्पही बसू नका. तो मुद्दा लेखी अर्जात आणि संघटनेकडे न्या. बैठकीत त्यावर दर वेळी चर्चा झाली की ज्यांना बोलायचं होतं त्या गप्प राहतात.

चालू ठेवणं

निमंत्रक दर तीन महिन्यांनी बदला. वहीत तारीख आणि हजर संख्या, एवढंच लिहा. मेट्रन मॅडमनी विचारलं तर तेवढंच दाखवा. दोनदा लागोपाठ न आलेल्या सिस्टरला जाब विचारू नका, कॅन्टीनमध्ये भेटली की नुसता चहा विचारा. नवीन फ्रेशरला पहिल्या नाईटच्या आधीच, त्या ड्युटीवर गटातलं कोण आहे ते नावानिशी सांगून ठेवा. आणि त्या व्यक्तीलाही तसं कळवा, नाहीतर फ्रेशर विचारायला जाईल आणि पलीकडून ‘कोण तू?’ असं ऐकून परत येईल.