लाँग पॉट सतत हुकतात? नेम बदलण्याआधी या चुका टाळा

स्नूकरमध्ये लाँग पॉट, म्हणजे दूरवरून बॉल पॉकेटमध्ये घालण्याचा शॉट, हुकला की बहुतेक खेळाडू आधी आपल्या नेमावर शंका घेतात. पुढच्या वेळी ते लाल बॉलवरचा बिंदू केसभर डावीकडे किंवा उजवीकडे सरकवतात, त्यातून एखाददुसरा पॉट जातोही, आणि मग तोच नवा नेम अंगवळणी पडतो. काही आठवड्यांनी तोही चुकू लागतो, कारण मुळात दोष नेमात नव्हताच. क्यू (खेळण्याची काठी) सरळ गेला नव्हता किंवा टिप, म्हणजे क्यूचे टोक, पांढऱ्या बॉलच्या मध्यावर लागली नव्हती. नेमातला हा बदल आणि क्यूमधला खरा दोष एकमेकांना काही काळ झाकून ठेवतात आणि शॉटचा वेग किंवा अंतर बदलले की दोन्ही एकदम उघडे पडतात. म्हणून नेमाला हात लावण्यापूर्वी चूक नेमकी कुठे होते हे शोधले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

पूर्ण आकाराच्या टेबलावर खेळण्याची जागा ३५६९ मिलिमीटर लांब आणि १७७८ मिलिमीटर रुंद असते, तर बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. निळा बॉल त्याच्या स्पॉटवर (टेबलाच्या मध्यावरच्या ठरलेल्या जागी) ठेवा, बॉल्कच्या (खेळ सुरू होतो त्या टोकाच्या) कोपऱ्याकडे जाणाऱ्या कर्णरेषेवर पांढरा दीड मीटर अंतरावर ठेवा आणि निळा समोरच्या कोपऱ्यातील पॉकेटमध्ये सरळ मारायचा आहे असे समजा. निळ्याला सुमारे दोन मीटर जायचे आहे. पॉकेटचे तोंड साडेतीन इंच धरले, तर निळ्याला मध्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम १८ मिलिमीटरची मोकळीक मिळते. पांढरा निळ्यावर एक मिलिमीटर बाजूला आदळला, तर ती चूक पॉकेटपाशी पोहोचेपर्यंत सुमारे ३८ पट वाढलेली असते. याचाच अर्थ असा की पांढऱ्याने आपल्या रेषेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आतच राहायला हवे. इतक्या सूक्ष्म फरकाचा निवाडा डोळ्यांवर सोडता येत नाही. तो क्यू सरळ जाण्यावरच अवलंबून असतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. एकूण अंतर तेवढेच असताना, ज्या बॉलला पॉट करायचे तो पांढरा आणि पॉकेट यांच्या बरोबर मध्यावर असेल तेव्हा शॉट सर्वांत कठीण असतो. पॉकेटपासून फूटभर अंतरावर असलेला लाल बॉल टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून मारताना भीती वाटते, पण वरच्या निळ्याच्या शॉटपेक्षा तिथे क्यूच्या दिशेत जवळपास तिपटीने अधिक चूक खपते. अनेक खेळाडू याच्या उलट समजुतीने खेळतात आणि सोपा लाँग पॉट सोडून कठीण पॉटच्या मागे लागतात.

हुकलेला पॉट कोणत्या बाजूला गेला, हे न पाहण्याची चूक

पॉट हुकला एवढेच लक्षात ठेवून पुढच्या शॉटकडे वळणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सरळ पॉटमध्ये लाल पॉकेटच्या डावीकडे आदळला, तर पांढरा आपल्या रेषेच्या उजवीकडे गेला होता असे समजावे. तिरक्या पॉटमध्ये मात्र फक्त ‘थिक लागला’ (जास्त भरून लागला) किंवा ‘थिन लागला’ (कडेला निसटता लागला) असे म्हणून भागत नाही. लाल उजवीकडे पाठवायचा असताना तो थिक लागत असेल आणि डावीकडे पाठवायचा असताना थिन लागत असेल, तर वरवर पाहता या दोन परस्परविरुद्ध चुका वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही वेळा पांढरा एकाच बाजूला, म्हणजे उजवीकडे, सरकलेला असतो. अशा खेळाडूचा नेम चांगला असू शकतो. त्याचा दोष उभे राहण्यात किंवा क्यू चालवण्यात आहे. याउलट दोन्ही दिशांचे तिरके पॉट थिकच लागत असतील, तर मात्र स्पर्शाचा अंदाज खरोखर कमी पडतो आहे.

ही नोंद करायला फार काही लागत नाही. वीस लाँग पॉट मारावेत, दहा डावीकडचे आणि दहा उजवीकडचे, आणि प्रत्येक हुकलेला पॉट पॉकेटच्या कोणत्या जबड्यावर (तोंडाच्या कडेवर) आदळला ते वहीत लिहावे. मी स्वतः कित्येक महिने नेम बदलत राहिलो होतो. अशी एक पानभर नोंद केल्यावर माझे जवळजवळ सगळे हुकलेले पॉट एकाच बाजूचे निघाले आणि सराव कशाचा करायचा हा प्रश्न त्याच संध्याकाळी सुटला.

नकळत लागणारी साइड

टिप पांढऱ्याच्या मध्याच्या उजवीकडे लागली की पांढऱ्याला उजवी साइड (बाजूची फिरकी) मिळते, पण त्याच क्षणी तो क्यूच्या रेषेवरून किंचित डावीकडे ढकललाही जातो. क्यूचा मागचा भाग उचललेला असेल, तर पुढे जाताना तो पुन्हा उजवीकडे वळू लागतो. जोरात मारलेल्या शॉटमध्ये वळायला वेळ मिळत नाही, हळू मारलेल्या शॉटमध्ये मिळतो. त्यामुळे जोरात मारल्यावर एका बाजूला आणि हळू मारल्यावर दुसऱ्या बाजूला पॉट हुकत असतील, तर नकळत साइड लागते आहे असा संशय घ्यावा. जवळच्या पॉटमध्ये हा फरक दिसतच नाही, आणि म्हणूनच तीस-चाळीसचे ब्रेक (सलग मिळवलेले गुण) सहज करणारा खेळाडूही लाँग पॉटवर अडखळतो.

हे तपासण्याची जुनी आणि अजूनही सर्वांत विश्वासार्ह रीत म्हणजे टेबल मोकळे करून पांढरा तपकिरी बॉलच्या स्पॉटवर ठेवणे आणि तो निळ्या, गुलाबी व काळ्या बॉलच्या स्पॉटवरून सरळ पलीकडच्या कुशनला (टेबलाच्या कडेला) मारून परत आणणे. परत येणारा पांढरा थेट टिपला येऊन लागला पाहिजे. आमच्या क्लबचे एक वयस्क मार्कर (गुण मोजणारे) नव्या मुलांना पहिले काही दिवस एवढेच करायला लावत, आणि मुले कंटाळली तरी ते दुसरे काही शिकवत नसत. या सरावात बॉल जाताना आणि येताना वेगवेगळी माहिती देतो. पांढरा जातानाच स्पॉटवरून ढळला, तर शरीर किंवा क्यू रेषेत नव्हता. जाताना तो स्पॉटवरून नीट गेला आणि कुशनवरून मात्र बाजूला फुटला, तर साइड लागली आहे, आणि ज्या बाजूला फुटला त्याच बाजूची साइड आहे. हा सराव मध्यम वेगाने करावा. फार हळू मारल्यास कापडाची लवच निकालात लुडबुड करते.

साइड नकळत लागण्याची कारणे अनेकदा हातात असतात. क्यू मूठ आवळून धरला की शॉटच्या क्षणी मनगट वळते आणि टिप बाजूला जाते. पक्षी हातात धरावा तितकीच पकड हवी, ती सुटूही नये आणि आवळलीही जाऊ नये. ब्रिजचा, म्हणजे क्यूला पुढे आधार देणारा, हात कापडावर घट्ट नसला, अंगठा आणि तर्जनी यांच्यातली खाच सैल पडली, तरीही तोच परिणाम होतो. टिप एका बाजूला झिजलेली किंवा सपाट झालेली असेल, तर चॉक नीट बसत नाही; तिचा गोलवा दर काही दिवसांनी तपासावा.

रेषेत न उभे राहता वाकणे

बहुतेक खेळाडू टेबलाजवळ येतात, वाकतात आणि वाकल्यावर नेम शोधतात. ही चूक लाँग पॉटमध्ये हमखास भोवते. वाकल्यानंतर पाय, कंबर आणि खांदा आपापल्या जागी बसलेले असतात. नेम चुकीचा वाटला की खेळाडू फक्त क्यूचे टोक सरकवतो आणि मग क्यू शरीराला तिरका छेदत जातो. शॉटची रेषा मागे उभे राहून, लाल आणि पॉकेट दोन्ही नजरेत ठेवून ठरवावी, उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवे पाऊल त्या रेषेवर ठेवावे आणि मगच खाली यावे. वाकल्यावर काही चुकल्यासारखे वाटले, तर उठून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. स्पर्धांमध्ये मोठमोठे खेळाडू तेच करताना दिसतात.

क्यू हनुवटीच्या नेमका खाली यावा हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. ज्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा बराच प्रबळ असतो, त्याला क्यू त्या डोळ्याकडे सरकलेला असला तरच रेषा सरळ दिसते. १९२७ ते १९४६ या काळात १५ विश्वविजेतेपदे मिळवणारे जो डेव्हिस क्यू डाव्या डोळ्याखाली ठेवून खेळत. म्हणून दुसऱ्याची ठेवण आंधळेपणाने उचलण्याऐवजी, वर सांगितलेल्या स्पॉटच्या सरावात क्यू थोडा डावीकडे व उजवीकडे ठेवून पाहावा आणि पांढरा कुठून सरळ परत येतो त्यावरून ठरवावे.

शॉट संपण्याआधी उठणे

बॉल पॉकेटमध्ये जातो की नाही हे पाहण्याची घाई माणसाला वर उठवते. डोके उचलले की खांदा सुटतो, खांदा सुटला की कोपर बाजूला जाते, आणि हे सगळे टिप पांढऱ्याला लागण्यापूर्वीच घडते. ॲलेक्स हिगिन्स १९७२ आणि १९८२ साली विश्वविजेते झाले ते शॉटबरोबर अंग हलवत, हे खरे आहे. पण त्यांचा हात आणि त्यांची नजर असामान्य होती, आणि त्यांच्या हालचालीची नक्कल करून कोणाचा लाँग पॉट सुधारलेला मी पाहिलेला नाही. लाल बॉल पॉकेटपर्यंत पोहोचेस्तोवर हनुवटी क्यूवर ठेवायची, एवढी एकच अट स्वतःला घालून एक आठवडा खेळावे.

नजरेचेही तसेच आहे. क्यू मागेपुढे करताना नजर पांढऱ्यावरून लालवर जात-येत राहिली तरी चालते. शेवटी क्यू मागे नेऊन क्षणभर थांबावे, तेवढ्यात नजर लाल बॉलवर स्थिरावावी आणि मगच क्यू पुढे सोडावा. तो क्षण गाळला की हात डोळ्यांच्या आधी निघतो. क्यू पुढे जाताना पांढऱ्यापाशी थबकूही नये. टिपने पांढऱ्याच्या जागेतून सरळ रेषेत पुढे जायला हवे.

पॉट आणि पोझिशन एकाच वेळी जास्त मागणे

लाँग पॉटवर खोल स्क्रू (उलटी फिरकी) आणि साइड लावून पुढच्या काळ्या बॉलवर बरोबर बसण्याचा, म्हणजे पांढरा त्या शॉटसाठी योग्य जागी आणण्याचा, मोह अनेकांना होतो. पांढरा जितका मध्यापासून दूर मारावा तितकी चूक वाढते, आणि जोर वाढवला की पॉकेटचा जबडा बॉल बाहेर फेकतो. मध्यम वेगाने गेलेला बॉल मात्र जबड्याला स्पर्श करूनही आत पडू शकतो. पॉट हुकल्यावर पांढरा बॉल्ककडे सुरक्षित परतेल असा शॉट मिळत असेल तर तोच घ्यावा. लाल बॉल बाजूच्या कुशनलगत असेल, तर वेग आणखी कमी करावा, कारण त्या कोनातून पॉकेटचे तोंड फारच अरुंद होते.

टेबल आणि बॉल

कापडाची लव बॉल्ककडून काळ्या बॉलच्या टोकाकडे जाते. बॉल्ककडच्या पॉकेटमध्ये मारलेला हळू लाँग पॉट लवेच्या उलट जातो आणि शेवटच्या फुटात वळू शकतो, तेव्हा तिथे थोडा अधिक वेग द्यावा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कापड ओलसर, जड होते. एकाच जोरात मारलेला पांढरा कमी अंतर जातो आणि खेळाडू नकळत क्यू ढकलू लागतात. खेळ सुरू करण्यापूर्वी दोन-चार बॉल टेबलाच्या लांबीत मारून वेग जोखून घ्यावा. बॉलवर चॉक साचलेला असेल, तर तिरक्या पॉटमध्ये लाल थिक लागल्यासारखा जातो आणि खेळाडू आपल्या अंदाजाला दोष देतो, म्हणून कोरड्या स्वच्छ कापडाने बॉल पुसून मगच सरावाला बसावे.

पांढरा कुशनला चिकटलेला असताना मात्र वरचे बरेचसे नियम सैल करावे लागतात. क्यूचा मागचा भाग उचलणे तिथे टळत नाही, टिपला पांढऱ्याचा फक्त वरचा भाग मिळतो आणि किंचित साइडही बॉलला वळवते. ब्रिजचा हात कुशनच्या लाकडावर पक्का ठेवावा, क्यू शक्य तितका आडवा ठेवावा, मागे कमी न्यावा आणि शॉट हळू खेळावा.