दंड घट्ट व्हावेत म्हणून खाताना कोणत्या चुका टाळाव्यात

लग्नसराई आली की शिवणकाम करणाऱ्या बाईकडे एकच तक्रार येते: बाही दंडात रुतते. मग कुणी रात्रीची भाकर सोडते, कुणी सकाळी लिंबूपाण्यावर राहते. महिन्याभरात चेहरा सुकतो, पण दंड तसेच लोंबतात.

चरबी अंगावर कुठून उतरावी हे आपल्या हातात नसतं. ती सगळीकडून हळूहळू उतरते. दंडाला घाट येतो तो स्नायूमुळे, आणि उपाशी राहिलं की स्नायूही झिजतो. म्हणून पहिलं काम म्हणजे जेवण सोडणं बंद करा. कापूस वेचणीच्या दिवसांत नुसत्या चहावर वावरात जाऊ नका; निदान अर्धी भाकर आणि वाटीभर चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, खाऊन निघा. घरात सिकलसेलचं, म्हणजे त्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं, कुणी असेल तर त्यांनी उपास आणि तहान दोन्ही टाळावं, दुखणं उसळतं.

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी आहे, ती म्हणजे वरण. आपला मुलूख तुरीचा. पण सगळ्यांना वाढून बाई जेवायला बसते तेव्हा गंजात वरचं पाणीच उरलेलं असतं, आणि तिची भाकर ठेच्यासोबत संपते. ही सवय मोडायलाच हवी. वाढायला घेण्याआधी आपली घट्ट वरणाची वाटी बाजूला काढून ठेवा. यात आपमतलबीपणा काही नाही.

हिशोब असा. साध्या कामाच्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 55 किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम. दंडाचा व्यायाम करणाऱ्यांनी 60 ग्रॅमपुढे जावं. 200 ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साधारण 20, 60 ग्रॅम तूरडाळीतून 13, 50 ग्रॅम फुटाण्यांतून 10, एका अंड्यातून 6 ग्रॅम मिळतात. उरलेली कसर 25 ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्या भरून काढतात. त्यात जवळपास 13 ग्रॅम असतात. घरचं सोयाबीन असेल तर ते कच्चं खाऊ नका, भिजवून नीट शिजवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फल्लीबद्दल, म्हणजे शेंगदाण्यांबद्दल, मोठा गैरसमज आहे. ती पौष्टिक आहे, पण तिचा जवळपास अर्धा भाग तेल. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम दाण्यांत 170 उष्मांक येतात, आणि गप्पा मारता मारता तीन मुठी कधी जातात ते कळत नाही. दाणे आधी वाटीत मोजून घ्या. तेलाचंही तसंच, एका चहाच्या चमच्यात 45 उष्मांक. रश्श्यावरची तर्री दिसायला छान, पण रोजच्या भाजीत तेल बाटलीतून न ओतता चमच्याने घाला.

उपासाला साबुदाण्याची उसळ खाऊन हलकं वाटतं, पण त्यात पिठूळपणा आणि तेलच जास्त. भगर आणि वाटीभर दही घ्या.

चहाकडे कुणाचं लक्ष नसतं. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 40 ग्रॅमच्या वर गेलो. 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. कुणाच्या घरी नाही म्हणणं जड जातं, तेव्हा अर्धा कप मागा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि रक्त कमी असेल तर व्यायामाला जोरच येत नाही.

झटपट वजन उतरवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका, त्यापेक्षा अंडी आणा.

आठवड्यातून तीन दिवस भिंतीला हात टेकून जोर काढा. दर पंधरा दिवसांनी सकाळी, दर वेळी त्याच हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधला घेर शिवणाच्या टेपने मोजून वहीत लिहा. महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर तुम्ही कमी खाताय, भाकर वाढवा.